विज्ञानाला अधिक निधी का मिळतो, आणि इतर विषयांनी नेमके काय मागावे

पुणे जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, अनुदानित महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्या एका सहायक प्राध्यापकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या महाविद्यालयात विज्ञान शाखेला गेल्या काही वर्षांत उपकरणांसाठी आणि प्रयोगशाळेच्या नूतनीकरणासाठी सरकारी निधी मिळाला. इतिहास विभागातील दोनपैकी एक पद मात्र रिक्त आहे, त्या जागी तासिका तत्त्वावर शिक्षक येतात, आणि मोडी लिपीचा वर्ग पैशाअभावी बंद पडला. सरकार विज्ञानाला देते ते झुकते माप न्याय्य आहे का, आणि सर्व विषयांना समान अनुदान मिळावे अशी मागणी प्राध्यापकांनी करावी का, असे त्यांनी विचारले आहे.

मी कोणत्या अनुभवावरून लिहिते आहे ते आधी सांगते. पुण्यातील एका अनुदानित महाविद्यालयात मी ३३ वर्षे रसायनशास्त्र शिकवले. त्यांपैकी अखेरची ९ वर्षे उपप्राचार्य म्हणून निधीचे प्रस्ताव तयार करणे, खरेदी समिती चालवणे, निधी ठरल्या कामावर खर्च झाल्याची उपयोगिता प्रमाणपत्रे पाठवणे आणि लेखापरीक्षकांच्या शंकांना उत्तरे देणे हेच माझे मुख्य काम होते. समान अनुदानाची मागणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विज्ञान शिकवायला जास्त पैसा लागतो आणि तो मिळायलाच हवा. आपली तक्रार खरी आहे, पण तिचे मूळ दुसरीकडे आहे. इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र हे विषय नीट शिकवायलाही खर्च येतो, आणि तो मागण्यासाठी आपल्या अनुदानपद्धतीत रकानाच ठेवलेला नाही.

विज्ञानाचा खर्च जास्त का येतो, हे उपकरणांच्या किमतींपेक्षा वेळापत्रकावरून अधिक चांगले समजते. उदाहरणापुरते धरू की ६० विद्यार्थ्यांच्या वर्गाला एका विषयाची आठवड्यातून ३ व्याख्याने आहेत. इतिहासासाठी शिक्षकाचे ३ तास लागतील. रसायनशास्त्राची ही ३ व्याख्याने आहेतच, शिवाय आठवड्याला ४ तासांचे एक प्रात्यक्षिक आहे. आणि संहत आम्ले हाताळणारी ६० मुले एका शिक्षकाच्या देखरेखीखाली एकाच वेळी उभी करता येत नाहीत, म्हणून २०-२० जणांच्या ३ बॅच कराव्या लागतात. प्रात्यक्षिकांचेच १२ तास झाले, व्याख्याने धरून १५. म्हणजे तेवढ्याच विद्यार्थ्यांसाठी शिक्षकाचे पाचपट तास लागले. यात प्रयोगशाळा सहायक आणि परिचर यांचे वेतन, गॅस, रसायने, वर्षभरात फुटणारे काचसामान, पाणी आणि वीज अजून धरलेली नाही. हा खर्च टाळला तर काय होते तेही मी जवळून पाहिले आहे. रसायने संपली की शिक्षक समोर एकदा अनुमापन (ब्युरेट या खुणांच्या काचनळीतून द्रावण थेंबाथेंबाने सोडून करायचे मोजमाप) करून दाखवतात, फळ्यावर निरीक्षणे लिहून देतात आणि ६० जर्नलांमध्ये तीच निरीक्षणे उतरवली जातात. असा विद्यार्थी रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागतो, तेव्हा ब्युरेट वाचायला तिथे पहिल्यांदा शिकतो. त्यामुळे प्रयोगशाळेचा पैसा कमी करून तो दुसरीकडे द्यावा, असे मी कधीही म्हणणार नाही.

मात्र वरच्या हिशेबाकडे पुन्हा एकदा पाहावे. त्यातील जास्तीचा सगळा खर्च प्रात्यक्षिकामुळे आलेला आहे. विषय विज्ञानाचा आहे म्हणून त्यात एक रुपयाही वाढलेला नाही. गणित विज्ञान शाखेत बसते, पण पदवीच्या पातळीवर त्याचा खर्च बराचसा इतिहासासारखाच असतो: चांगला शिक्षक, फळा, पुस्तके आणि अलीकडे काही संगणक. उलट भूगोल कला शाखेत शिकवला जातो, पण नकाशावाचन, सर्वेक्षण आणि क्षेत्रभेट यांमुळे त्याला प्रात्यक्षिकांच्या बॅच मिळतात, स्वतंत्र प्रयोगशाळा मिळते आणि त्या कार्यभारामुळे, म्हणजे शिकवण्याच्या तासांमुळे, पदेही मिळतात. मानसशास्त्रालाही वरच्या वर्गांत हेच लागू होते. म्हणजे आपली व्यवस्था शाखेकडे पाहत नाही, कामाच्या स्वरूपाकडे पाहते, आणि हे तत्त्व बरोबरच आहे. ते सर्व विषयांना लावले गेले नाही, हा दोष आहे.

मोडीचेच पाहू. मोडी कागद वाचायला शिकणे ही हाताने आणि डोळ्यांनी करण्याची गोष्ट आहे. बाराखडी आठवड्याभरात पाठ होते, पण अठराव्या शतकातील एखाद्या कारकुनाच्या घाईच्या अक्षरातील हिशेब वाचायचा असेल, तर कागद समोर ठेवून शिक्षकाने शेजारी बसावे लागते. शब्द कुठे तोडायचा, हा फाटा कशाचा, ही रक्कम रुपयांत आहे की खंडी-मणांत, हे दाखवून द्यावे लागते. ६० जणांना हे एकत्र शिकवता येत नाही. २० जणांनाही एका वेळी शिकवणे कठीण आहे. मराठ्यांचा इतिहास मूळ साधनांवरून अभ्यासायचा तर फारसी हवी, आणि गोव्याकडील कागदांसाठी पोर्तुगीजही हवी. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने गावात जाऊन कुटुंबांची पाहणी करणे हेही प्रात्यक्षिकच आहे. पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेने १९३० पासून, धनंजयराव गाडगीळ यांच्या संचालकपदाच्या काळात, अशा प्रत्यक्ष पाहण्यांवरच आपला लौकिक मिळवला. आणि भाषेच्या वर्गातील लेखन? १२० जणांच्या वर्गात प्रत्येकाने महिन्याला फक्त दोन पाने लिहिली, तरी शिक्षकापुढे २४० पाने येतात. ती वाचून, खुणा करून, विद्यार्थ्याला समोर बसवून त्याची चूक समजावून सांगणे यालाच लेखन शिकवणे म्हणतात. या कामाचा एकही तास कार्यभाराच्या तक्त्यात दिसत नाही. त्यामुळे ते काम बहुतेक ठिकाणी होत नाही, आणि आमच्या रसायनशास्त्राच्या पदवीधरांनाही स्वतःच्या प्रयोगाचा अहवाल मराठीत किंवा इंग्रजीत सलग लिहिता येत नाही.

आता पैसा प्रत्यक्षात कोणत्या वाटांनी येतो ते पाहू, कारण ‘सरकार विज्ञानाला पैसा देते’ या वाक्यात बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या आहेत.

राज्य शासनाचा उच्च शिक्षणावरील खर्च मुख्यतः अनुदानित महाविद्यालयांतील वेतनावर होतो. वेतनेतर अनुदान त्या मानाने किरकोळ असते. म्हणून राज्याच्या पातळीवर विषयांची वाटणी अर्थसंकल्पातील आकड्यांनी ठरत नाही, मंजूर पदांनी ठरते. पद भरलेले असेल तर त्या विषयावर सरकार दरमहा खर्च करते. पद रिक्त राहिले, तर तासिका तत्त्वावरील तुटपुंजे मानधन सोडता त्या विषयावरचा सरकारी खर्च जवळजवळ थांबतो, आणि हे कोणत्याही धोरणात लिहिलेले नसते. पदभरतीवरील निर्बंधांनंतर नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य शासनाने ३,५८० सहायक प्राध्यापकपदे भरायला मान्यता दिली, आणि त्यांतील भरायची राहिलेली २,०८८ पदे भरण्यासाठी २०२१ मध्ये पुन्हा मान्यता द्यावी लागली. मधल्या काळात निवृत्त होणारे होतच राहिले. मोठ्या विषयात चारपैकी एक पद रिक्त झाले तर उरलेले तिघे तो भार ओढतात. संस्कृत, तत्त्वज्ञान, अर्धमागधी, फारसी अशा एकेका शिक्षकावर चाललेल्या विषयात ते एक पद रिक्त झाले की विद्यार्थी येईनासे होतात. विद्यार्थी नाहीत म्हणून पुढच्या कार्यभार तपासणीत कार्यभार भरत नाही, आणि कार्यभार नाही म्हणून पदही जाते. माझ्या डोळ्यांदेखत एक विभाग असा बंद झाला. त्याचे ग्रंथ मुख्य ग्रंथालयात हलवले गेले आणि त्यानंतर ते मागणारे कोणी उरले नाही. आपल्या विभागातील दुसरे पद म्हणूनच कोणत्याही उपकरण-निधीपेक्षा मोलाचे आहे. मागणीपत्रात त्याचा क्रमांक पहिला हवा.

विज्ञान शाखेवर सरकारची फार कृपा आहे, हे म्हणताना आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. संगणकशास्त्र, जैवतंत्रज्ञान यांसारखे ज्यांना मागणी आहे ते पदवी अभ्यासक्रम पुण्यातील बहुतेक महाविद्यालयांत विनाअनुदानित तत्त्वावर चालतात आणि त्यांचा खर्च पालक उचलतात. अभियांत्रिकीत तर १९८३ पासून विनाअनुदानित महाविद्यालयांचेच धोरण आले. तिथे सरकारचा पैसा पोहोचतो तो शुल्काच्या प्रतिपूर्तीतून, म्हणजे ज्या अभ्यासक्रमाचे शुल्क मोठे, त्या अभ्यासक्रमाकडे तो अधिक वळतो. जुलै २०२४ पासून ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि मागास प्रवर्गांतील मुलींना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. हा निर्णय मला मनापासून आवडला, कारण पैशासाठी मुलीचे अभियांत्रिकी सोडून देणारी कितीतरी घरे मी पाहिली आहेत. पण विषयांच्या दृष्टीने पाहिले तर त्याचा कल कुणीकडे आहे तेही स्पष्ट आहे.

केंद्राकडून येणारा पैसा वेगळ्या वाटेने येतो, आणि ‘झुकते माप’ हा शब्द खरा तिथे लागू होतो. पाषाण रस्त्याने गेले तर १९५० मध्ये उभी राहिलेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, विज्ञान शिक्षण व संशोधनाची २००६ ची आयसर ही संस्था आहे, भारतीय उष्णदेशीय हवामान संस्था आहे. विद्यापीठाच्या आवारात खगोलशास्त्राची आयुका ही संस्था आहे, आणि नारायणगावजवळ खोडदला महाकाय रेडिओ दुर्बिणी आहेत. या सर्व संस्था केंद्राच्या निधीवर चालतात आणि पुण्याला त्यांचा अभिमान आहे, मलाही आहे. पण हा संशोधनाचा निधी आहे. त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या महाविद्यालयातील बीएस्सीच्या प्रयोगशाळेत त्यातून एक काचेचे चंचुपात्रही येत नाही. महाविद्यालयांसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची २००० पासूनची ‘फिस्ट’ योजना आणि जैवतंत्रज्ञान विभागाची ‘स्टार कॉलेज’ योजना अशा काही चांगल्या योजना आहेत, परंतु त्या निवडक महाविद्यालयांपर्यंतच पोहोचतात. मोठे आकडे वाचताना हा फरक जपायला हवा. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची तरतूद २८,५०० कोटी रुपयांच्या घरात गेली, त्यातील २०,००० कोटी खासगी क्षेत्रातील संशोधन व नवोन्मेष वाढवण्यासाठीच्या एकाच योजनेचे होते. त्या आकड्याकडे बोट दाखवून ‘विज्ञान शिक्षणाला एवढे मिळते’ असे कोणी म्हणाले, तर ते चूक आहे. देशाचा संशोधन व विकासावरील एकूण खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. एवढ्या लहान आकड्यातून काढून इतर विषयांना देण्यासारखे त्यात फार नाही.

खरा प्रश्न राष्ट्रीय संशोधन निधीच्या रचनेत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाची कल्पना मांडली, तेव्हा विज्ञान आणि तंत्रज्ञानाबरोबर सामाजिक शास्त्रे, कला आणि मानव्यविद्या यांनाही त्यातून निधी मिळेल असे त्यात होते. प्रत्यक्षात २०२३ मध्ये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला, तेव्हा मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांचा समावेश त्यांचा विज्ञान व तंत्रज्ञानाशी जिथे संबंध येतो तेवढ्यापुरताच राहिला. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये, आणि त्यांपैकी मोठा भाग सरकारबाहेरून उभा करायचा, अशी ही योजना आहे. धोरणात इतिहासासाठी जे दार उघडले होते, ते कायद्यात अरुंद झाले. भाषाशास्त्रज्ञाने मराठीच्या बोलींचा अभ्यास संगणकीय भाषांतराच्या नावाखाली मांडला तर तो आत येऊ शकतो. त्याच बोलींचा अभ्यास बोली म्हणून मांडला तर त्याला भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेसारख्या, खूपच कमी निधी असलेल्या संस्थांकडे जावे लागते. डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्वासारखा विषय तर दोन्हींच्या मध्ये उभा असतो: उत्खनन मानव्यविद्येचे, आणि कालमापन, परागकण, हाडांचे विश्लेषण हे विज्ञानाचे. इनामगावच्या उत्खननातून दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्याचे जे चित्र उभे राहिले, ते या दोन्ही अंगांनी मिळून उभे राहिले आहे. असा विषय आपल्या कप्प्यात बसत नाही, एवढ्यावरून प्रस्ताव परत पाठवला जाऊ नये.

विद्यार्थ्याच्या हातात पडणाऱ्या पैशाबद्दल मात्र काही गैरसमज आहेत. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळवणाऱ्याला विषय कोणताही असला तरी जानेवारी २०२३ पासून सारखीच, दरमहा ३७,००० रुपये मिळतात. आकस्मिक खर्चाच्या रकमेत फरक आहे, पण तो थोडा: पहिली दोन वर्षे मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांना वर्षाला १०,००० आणि विज्ञानाला १२,०००, पुढे २०,५०० आणि २५,०००. हा फरक मला रास्त वाटतो. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तींनी तर इतिहास आणि मराठीतील किती तरी शेतकरी कुटुंबांतील मुलांना पीएचडीपर्यंत नेले आहे. पदवीच्या पातळीवर मात्र तफावत मोठी आहे. ‘इन्स्पायर’ योजनेतून मूलभूत विज्ञान निवडणाऱ्या निवडक विद्यार्थ्याला वर्षाला ८०,००० रुपये मिळतात. बारावीला उत्तम गुण मिळवून इतिहास किंवा संस्कृत घेणाऱ्या मुलीसाठी केंद्राची त्या तोडीची कोणतीही विषयनिष्ठ योजना नाही. शाळेतही तेच दिसते. मुलांनी यंत्रे हाताळून शिकावे म्हणून केंद्राने काढलेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळेसाठी निवडलेल्या शाळेला ५ वर्षांत मिळून २० लाख रुपयांपर्यंत मिळतात. समग्र शिक्षा अभियानातून सरकारी शाळेच्या ग्रंथालयाला मिळणारे वार्षिक अनुदान शाळेच्या स्तरानुसार ५,००० ते २०,००० रुपये असते. दोन्ही गोष्टी हव्यात. पण वाचता न येणारा मुलगा त्या प्रयोगशाळेतील यंत्राची माहितीपुस्तिकाही वाचू शकत नाही, हे शिक्षणखात्यात काम केलेल्या कोणालाही सांगावे लागू नये.

या वादात नेहमी एक युक्तिवाद येतो की विज्ञानातून नोकऱ्या आणि उद्योग निर्माण होतात, म्हणून सार्वजनिक पैसा तिकडेच जावा. पुण्याला हा वाद नवा नाही. पेशवाईतील विद्वानांची दक्षिणा इंग्रजांनी पुढे चालू ठेवली आणि १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात त्या पैशातून संस्कृत पाठशाळा उघडली. १८४९ मध्ये इथल्याच सुधारकांनी अर्ज केला की या निधीचा काही भाग उपयुक्त मराठी ग्रंथांच्या लेखनाला मिळावा. शहरात मोठी खळबळ झाली, जोतीराव फुले अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले, आणि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. पुढे १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढील निवेदनात जोतीरावांनी याहून मूलभूत प्रश्न मांडला: सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो, तर त्यातून वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर एवढा खर्च आणि रयतेच्या प्राथमिक शिक्षणावर इतका कमी, असे का? मला हा प्रश्न आजच्या विषयवादापेक्षाही मोठा वाटतो. आपल्या गावातील मुलगा कोणता विषय घेतो याच्या आधी त्याला तो विषय शिकवणारा कायम शिक्षक मिळतो का, हे पाहावे लागते. उपयोगाच्या प्रश्नाचे उत्तरही पुण्यातच आहे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारच्या पैशाने गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड काढले. त्यानंतर मराठ्यांच्या इतिहासावर जे कोणी गंभीरपणे लिहितो, त्याला त्या खंडांकडे जावे लागते. सरकारी पैशाचा इतका टिकाऊ उपयोग झाल्याची उदाहरणे माझ्या स्वतःच्या विषयातही थोडीच आहेत.

यातून एक महत्त्वाची गोष्ट दिसते आणि ती प्रस्ताव लिहिताना फार कामाची आहे. विज्ञानाला पैसा एकदम मोठा लागतो आणि नंतर देखभालीला लागतो. मानव्यविद्यांना तो थोडा लागतो, पण पुष्कळ वर्षे न खंडता लागतो. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये सुरू झाली आणि १९६६ मध्ये पूर्ण झाली. डेक्कन कॉलेजातील संस्कृत महाकोशाचे काम १९४८ पासून आजही चालू आहे. तीन वर्षांचा प्रकल्प आणि प्रत्येक ३१ मार्चला उपयोगिता प्रमाणपत्र, ही चौकट अशा कामांना मारक आहे. ती विज्ञानालाही फारशी मानवत नाही. एका वर्षी आमच्याकडे उपकरणांचा निधी मार्चच्या मध्यावर आला. दरपत्रके मागवून आम्ही घाईने वर्णपटमापक घेतला, कारण पैसे परत गेले असते. तो चालवणारे प्रयोगशाळा सहायकाचे पद त्याआधीच रिक्त झाले होते आणि देखभालीसाठी निधीत तरतूद नव्हती. जडवस्तू नोंदवहीत तो यंत्र म्हणून नोंदला गेला, पण विद्यार्थ्यांच्या हाताला जवळजवळ लागलाच नाही. म्हणून विज्ञान शाखेला मिळालेला प्रत्येक रुपया विज्ञान शिकवण्यावर खर्च झाला, असे समजू नये.

माझ्या हातून झालेली एक चूकही इथे सांगायला हवी. त्याच काळात आमच्या इतिहास विभागाने एक लहान प्रस्ताव आणला होता: मुळशी आणि मावळ भागातील जुन्या घराण्यांकडच्या मोडी कागदांची छायाचित्रे घेणे, आणि त्या कामासाठी १५ विद्यार्थ्यांना वर्षभर मोडी शिकवणे. रक्कम आमच्या एका उपकरणाच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाएवढीही नव्हती. छापील अर्जात उपकरणे, रसायने, फर्निचर, ग्रंथ असे रकाने होते. प्रवास आणि बाहेरच्या मोडी तज्ज्ञाचे मानधन यांना जागा नव्हती. मी तो प्रस्ताव ‘शीर्षात बसत नाही’, म्हणजे खर्चाच्या मंजूर सदरात मोडत नाही, असा शेरा मारून परत केला. शेरा नियमाप्रमाणे बरोबर होता. पण पुढे त्यांतील एका घराचा वाडा पाडला गेला, कागद कुठे गेले ते कळले नाही, आणि ती गोष्ट मला अजून बोचते.

इतर विषयांच्या प्राध्यापकांनाही एक स्पष्ट गोष्ट सांगितली पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाकडून लघुसंशोधन प्रकल्प आणि चर्चासत्रांसाठी निधी सहज मिळत होता, त्या काळात कला शाखांतील बराच पैसा दोन दिवसांच्या चर्चासत्रांवर, पिशव्यांवर, भोजनावर आणि कोणी न वाचणाऱ्या संकलित निबंधांच्या पुस्तकांवर गेला. विज्ञान शाखेतही तेच झाले, पण तिथे निदान तराजू आणि सूक्ष्मदर्शक मागे उरले. पुढे पैसा मागताना त्यातून काय उरणार आहे, ते आधी दाखवावे लागेल.

आता आपल्या महाविद्यालयात काय करता येईल ते. नव्या श्रेयांक पद्धतीत व्याख्यानाच्या एका श्रेयांकाला १५ तास आणि प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास धरले जातात. मोडी वाचनाचा अभ्यासक्रम २ श्रेयांकांचे प्रात्यक्षिक म्हणून कौशल्य अभ्यासक्रमांत मांडला, तर तो ६० तासांचा होतो, त्याला बॅच लागतात आणि त्या कार्यभारात दिसतात. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाची मान्यता घ्यावी लागेल; त्यासाठी जिल्ह्यातील आणखी तीन-चार महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी मिळून मागणी केली तर ती लवकर मान्य होते. क्षेत्र प्रकल्पाचे श्रेयांक याच कामाला जोडता येतात. बंद पडलेला वर्ग पुन्हा सुरू करण्याची विनंती करण्यापेक्षा ही वाट अधिक भक्कम आहे, कारण विनंतीवर चाललेला वर्ग पुढच्या प्राचार्यांच्या काळात पुन्हा बंद पडतो.

निधीसाठी महाविद्यालयाच्या बळकटीकरणाचा प्रस्ताव केंद्राच्या ‘पीएम-उषा’सारख्या उच्च शिक्षणाच्या योजनेत जात असेल, तर तो तयार होत असतानाच आपली मागणी त्यात घाला, प्रस्ताव पाठवून झाल्यावर रकाने बदलत नाहीत. अशा योजनांचा निधी विषयवार येत नाही, संस्थेला येतो, आणि आत त्याची वाटणी आपल्याच समित्या करतात. मागणी नेमकी असावी: एक स्कॅनर, दोन कॅमेरे व त्यांचे स्टँड, आम्लरहित कागदाचे फोल्डर, साठवणीसाठी हार्ड डिस्क, आणि पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम वेगळी दाखवलेली. जुनी हस्तलिखिते सापडली तर २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या ‘ज्ञान भारतम्’ मोहिमेकडेही पाहावे. तिचे उद्दिष्ट १ कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी आणि जतन हे आहे. मोडी शिकवणाऱ्यांसाठी भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आणि पुणे पुराभिलेखागाराकडे विचारणा करावी. मानधनाचा खर्च कोणत्या शीर्षाखाली बसतो, हे प्रस्ताव लिहिण्याआधी आपल्या महाविद्यालयाच्या लेखापालांना विचारून घ्यावे. ते सांगतील त्याच शब्दांत तो लिहावा, म्हणजे माझ्यासारखा कोणी तो शीर्षात बसत नाही म्हणून परत करू शकणार नाही.

आणि तो प्रस्ताव समितीपुढे ठेवण्याआधी आपल्याच महाविद्यालयातील रसायनशास्त्र किंवा भौतिकशास्त्राच्या विभागप्रमुखांना वाचायला द्यावा. बॅच, देखभाल, रिक्त सहायकपद, मार्चमधील घाई या सगळ्या अडचणी त्यांच्याही आहेत. शक्य झाले तर त्यांच्या रिक्त सहायकपदाची आणि आपल्या रिक्त प्राध्यापकपदाची मागणी एकाच पत्रात, दोघांच्या सहीने, उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाकडे जाऊ द्यावी.